हॅम्पडेन काउंटीवर मराठी विकिपीडियात लेख: पाच जणांनी काम कसं वाटून घ्यावं?

बाळीवेस_वाचक
नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या पाच जणांचा आमचा गट अमेरिकेतल्या काउंट्या (राज्यातले जिल्ह्यासारखे भाग) आणि शहरांवर मराठी विकिपीडियात लेख करायला घेतोय. पहिला लेख मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅम्पडेन काउंटीवर. आपल्या वोरोनोको शाळेचं नाव शहरात सगळ्यांच्या तोंडी आहे आणि वोरोनोको नावाची वस्ती याच काउंटीत, रसेल टाउनमध्ये आहे. शिवाय काउंटीतलं मुख्य शहर स्प्रिंगफील्ड, जिथं १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल सुरू केला.

अनुवादाच्या साधनातून मजकूर आला, पण माहितीचौकट (लेखाच्या बाजूचा ठळक माहितीचा तक्ता) रिकामी राहिली. दोघांनी एकदम जतन केलं की एकाचं काम अडकतं. इंग्रजी लेखातले बरेच संदर्भ उघडत नाहीत. चित्रांचं काय चालतं, काय नाही, हेही नीट कळत नाही. त्यात शनिवारी कॉलेजच्या लॅबमध्ये बारा-तेरा मुलं नव्यानं येणार आहेत. जाणकारांनी तपशिलात सांगावं.

धूळपाटीवाला
आधी लॅबचं बघा, कारण पहिली ठेच तिथंच लागेल. एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) चोवीस तासांत सहाच नवी खाती निघतात. लॅबमधले सगळे संगणक बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात, त्यामुळे सातव्या मुलाला नकार येतो आणि पोरगं बिचारं पासवर्ड बदलत बसतं. शुक्रवार रात्रीपर्यंत प्रत्येकानं घरूनच खातं काढून यावं. मोबाईल डेटाचा पत्ताही कधी कधी अनेकांत वाटलेला असतो. तिथं अडलं तर घरचं वायफाय वापरा. मर्यादा एका दिवसापुरती उठवून घेता येते, पण त्यासाठी लॅबचा आयपी पत्ता, तारीख, वेळ, कोणता विकी आणि किती माणसं हे सगळं लिहून फॅब्रिकेटरवर (विकिपीडियाच्या तांत्रिक विनंत्यांच्या साइटवर) आधीच अर्ज करावा लागतो. एक खातं दोघांत वापरायचं नाही, ते नियमात बसत नाही.

आता वाटणी. पाच जणांनी पाच लेख घेतले तर पाच अर्धवट लेख होतात, एकच चूक पाच ठिकाणी होते आणि लिहिणाऱ्याशिवाय ती कुणी बघत नाही. एक लेख घ्या आणि काम वाटा. एकानं फक्त संदर्भ उघडून वाचायचे. एकानं आकडे आणि माहितीचौकट. एकानं गद्य. एकानं नावं, दुवे, पुनर्निर्देशनं (दुसऱ्या नावानं शोधणाऱ्याला लेखावर नेणारी पानं), वर्ग. आणि पाचव्यानं एक ओळही लिहायची नाही. शेवटी प्रत्येक वाक्य त्याच्या संदर्भाशी लावून बघायचं. या पाचव्याचं काम सगळ्यांत कंटाळवाणं, पण लेख टिकतो तो त्याच्यामुळं. ग्रंथपाल कुणी गटात असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या.

संपादनं आदळतात कारण सगळे जण अख्खं पान उघडून बसतात. विभागाच्या मथळ्याशेजारी जे 'संपादन' असतं त्यातूनच शिरायचं. दोघांचे बदल वेगळ्या परिच्छेदांत असतील तर प्रणाली ते स्वतःच जुळवून घेते. दर दहा मिनिटांनी जतन करा. तरीही आदळलंच तर आधी आपला मजकूर नोटपॅडमध्ये उचलून ठेवा, मग दुसऱ्यानं आधी जतन केलेली आवृत्ती बघा.

मसुदा एकाच सदस्याच्या उपपानावर करा आणि तयार झाला की स्थानांतरण करून (पान हलवण्याच्या पर्यायानं) मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष लेखांच्या जागेत न्या. कॉपी करून नव्या पानावर चिकटवू नका. तसं केलं की पाचही जणांचा इतिहास मागं राहतो आणि सगळा लेख एकाच्या नावावर दिसतो. नव्या खात्याला सुरुवातीला स्थानांतरणाचा पर्याय दिसत नाही, जुनं खातं असलेल्याकडून करून घ्या.

इंग्रजी लेखावरून भाषांतर असेल तर श्रेय देणं बंधनकारक आहे, परवाना सीसी बाय-एसए ४.० (श्रेय देऊन, त्याच परवान्याखाली वापरायचा). संपादन सारांशात स्पष्ट लिहा: इंग्रजी विकिपीडियावरील अमुक लेखाच्या अमुक आवृत्तीवरून भाषांतर. आवृत्तीचा कायमचा दुवा त्या पानाच्या साधनांच्या यादीत मिळतो. अनुवादाचं साधन हे स्वतःहून करतं, हातानं केलेल्या भाषांतरात लोक विसरतात. राहून गेलं असेल तर एखादी जागा कमी-जास्त करून पुन्हा जतन करा आणि त्या सारांशात श्रेय लिहा.

जनगणना_वही
आकड्यांचं मी सांगते. तुमचे मेलेले दुवे बहुतेक अमेरिकन फॅक्टफाइंडरचे असतील. अमेरिकेच्या जनगणना खात्याची ती साइट ३१ मार्च २०२० ला बंद झाली. जुन्या पानाची प्रत वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर) शोधण्यात वेळ घालवू नका. तिथले तक्ते प्रश्न विचारल्यावर तयार व्हायचे, त्यामुळे जतन झालेलं पान पुष्कळदा रिकामं निघतं. सरळ जनगणना खात्याच्या नव्या डेटा साइटवर जा, काउंटीचं नाव द्या, २०२० ची दशवार्षिक जनगणना निवडा आणि तोच संदर्भ लावा.

इंग्रजीत हे का साचलंय तेही लक्षात घ्या. २००२ साली रॅमबॉट नावाच्या सांगकाम्यानं (आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रामनं) २००० च्या जनगणनेवरून अमेरिकेतल्या गावांचे आणि काउंट्यांचे तीस हजारांवर लेख एकाच साच्यात तयार केले. त्यातला वंश, घरं, उत्पन्न यांचा लांबलचक परिच्छेद अजून अनेक लेखांत तसाच आहे. तो मराठीत आणूच नका. एवढे जुने आकडे मराठी वाचकाला काय कामाचे?

हॅम्पडेनची लोकसंख्या २०१० मध्ये ४,६३,४९० होती आणि २०२० मध्ये ४,६५,८२५. वर्ष लिहिल्याशिवाय आकडा लेखात जाता कामा नये. जनगणना खातं दरवर्षी अंदाजही काढतं. २०२० ची मोजणी आणि नंतरचा अंदाज एकाच तक्त्यात शेजारी ठेवायचा असेल तर 'अंदाज' हा शब्द हवाच. क्षेत्रफळ ६३४ चौरस मैल, त्यात जमीन ६१७. एक चौरस मैल म्हणजे २.५९ चौ. किमी., म्हणजे १,६४२ आणि १,५९८. घनता जमिनीवर काढायची: चौ. किमी.ला सुमारे २९१. एकूण क्षेत्रफळानं भागलं की २८४ येते आणि मग चर्चा पानावर कुणीतरी विचारतंच.

माहितीचौकट रिकामी राहते कारण इंग्रजी आणि मराठी साच्यातल्या (चौकटीच्या तयार नमुन्यातल्या) रकान्यांची नावं जुळत नाहीत. मराठी साच्याचं दस्तऐवजीकरण उघडा, रिकामा साचा तिथून उचला आणि हातानं भरा. ज्या रकान्यावर गणित होतं तिथं अंक इंग्रजीच टाका, स्वल्पविराम न देता: देवनागरी अंक दिसला की एकक बदलणारं सूत्र लाल अक्षरांत चूक दाखवतं. आणि रेखांश पश्चिम आहे हे विसरू नका. स्प्रिंगफील्ड ४२.१ उत्तर, ७२.६ पश्चिम. उणे चिन्ह किंवा 'प' राहिलं की नकाशावरची टाचणी थेट किर्गिझस्तानात जाऊन बसते.

'शासन' हा विभाग जपून लिहा. ही काउंटी १८१२ साली हॅम्पशायर काउंटीतून वेगळी निघाली, पण तिचं काउंटी सरकार १९९८ मध्ये बरखास्त झालं. शेरीफ आणि न्यायालयं आहेत. कारभार मात्र शहरं आणि टाउन बघतात. आपल्या जिल्हा परिषदेसारखं काही तिथं आहे असं वाक्य अनुवादाच्या ओघात सहज पडून जातं, आणि ते चूक ठरेल. दक्षिणेला लागून असलेल्या कनेटिकटमध्ये तर २०२२ पासून जनगणना खातं जुन्या आठ काउंट्यांऐवजी नऊ नियोजन प्रदेश धरतं, म्हणून तिकडचे २०२० चे आणि नंतरचे आकडे एकमेकांना जोडू नका.

कॅमेरा_सोलापूर
चित्रांबद्दल. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यानं नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो सार्वजनिक मालकीचा, म्हणजे कॉपीराइट नसलेला असतो: नासा, नॅशनल पार्क सर्व्हिस, लष्कर. फोटो सरकारी साइटवर दिसला एवढ्यानं भागत नाही, खाली छायाचित्रकार कोण लिहिलाय ते वाचा. राज्य सरकारांना हा नियम आपोआप लागू होत नाही. गव्हर्नरच्या कार्यालयाचा फोटो आणि निवडणूक प्रचाराचा फोटो, दोन्ही तपासल्याशिवाय उचलू नका.

इंग्रजी लेखातली बोधचिन्हं आणि पोस्टरं 'न्याय्य वापर' (कॉपीराइट असूनही मर्यादित वापराची मुभा) म्हणून फक्त तिथल्यापुरती ठेवलेली असतात. ती कॉमन्सवर (सगळ्या विकिपीडियांच्या मुक्त चित्रांच्या सामायिक साठ्यात) चढवली की उडतात. चित्राच्या पानावर 'कॉमन्स'चं चिन्ह असेल तरच मराठी लेखात सरळ वापरा.

पुतळ्यांत मात्र हमखास फसायला होतं. भारतात सार्वजनिक जागी कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून मुक्त परवान्यानं देता येतो, म्हणून आपल्या चार हुतात्मा पुतळ्यांचा फोटो कॉमन्सवर चालतो. अमेरिकेत ही सवलत इमारतींना आहे, शिल्पांना आणि भित्तिचित्रांना नाही. शिकागोचं २००६ सालचं 'क्लाउड गेट' शिल्प लाखो लोक मोबाईलवर टिपतात, तरी त्याचा फोटो कॉमन्सवर राहत नाही. १८८६ चा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा चालतो, कारण त्याचा कॉपीराइट केव्हाच संपलाय. स्प्रिंगफील्डमधल्या एखाद्या पुतळ्याचा फोटो घ्यायचा असेल तर आधी तो बसवल्याचं साल आणि शिल्पकार शोधा.

बाळीवेस_वाचक
खूप आभार, ताई आणि दादा. दोन शंका उरल्या. वोरोनोको शाळा आणि रसेलमधलं वोरोनोको यांचा संबंध 'इतिहास' विभागात एका ओळीत लिहिला तर चालेल ना? आणि नावांची मराठी रूपं कुठून ठरवायची? गटात यावरूनच जास्त वाद होतात.

धूळपाटीवाला
नाही, तसं लिहू नका. नाव सारखं आहे एवढ्यावरून संबंध मांडला तर ते आपलं स्वतःचं संशोधन ठरतं. शाळेमागचं अमेरिकन मराठी मिशन ही 'अमेरिकन बोर्ड' या अमेरिकेतल्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेची शाखा. बोर्ड १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्येच स्थापन झालं आणि त्याचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यामुळे धागा शोधण्यासारखा जरूर आहे, मनापासून शोधा! बोर्डाचं 'मिशनरी हेरल्ड' हे मासिक आणि वार्षिक अहवाल इंटरनेट आर्काइव्हवर वाचायला मिळतात. सोलापूर शोधताना इंग्रजीत जुनं 'शोलापूर' असंच स्पेलिंग टाका. नाव कशावरून पडलं हे सांगणारी छापील ओळ सापडली की वर्ष, अंक आणि पान क्रमांकासह संदर्भ द्या. ती ओळ सोलापूरच्या लेखात जास्त शोभेल. काउंटीच्या लेखात एखाद्या वाक्यापुरतीच जागा आहे. बोर्डाची मूळ कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, पण अप्रकाशित पत्रावर लेख उभा करू नका, छापील साहित्यावरच भर द्या.

जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' फुकट आहे. विकिपीडिया लायब्ररीतून (अनुभवी संपादकांसाठीच्या सोयीतून) जेस्टोरसारखे संशोधन लेखांचे सशुल्क संग्रहही उघडतात. त्यासाठी खातं सहा महिन्यांचं हवं, ५०० संपादनं हवीत, गेल्या महिन्यात दहा हवीत आणि खात्यावर कुठंही बंदी नको. गटात एकाचं खातं जरी तेवढं जुनं असलं तरी संदर्भांचं काम त्याच्याकडे द्या.

जनगणना_वही
नावं उच्चारावरून ठरतात, स्पेलिंगवरून नाही. इलिनॉय, आर्कान्सा, डे मॉइन. आधी मराठी विकिपीडियावर तेच नाव दुसऱ्या लेखात कसं लिहिलंय ते शोधा आणि तेच धरा. दुसरं रूप पटत असेल तर त्याचं पुनर्निर्देशन करा, वाद संपतो. एक सामायिक तक्ता ठेवा: इंग्रजी नाव, मराठी रूप, ते कुठं आधीच वापरलंय. नव्या मुलांना हा तक्ता भरायला द्या, पहिल्या दिवशी तेवढं काम पुष्कळ आहे.

स्प्रिंगफील्ड नुसतं लिहू नका. इलिनॉयची राजधानीही स्प्रिंगफील्डच आणि मिसूरीतही त्याच नावाचं मोठं शहर आहे. 'स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स' असं शीर्षक द्या आणि नुसत्या नावाचं निःसंदिग्धीकरण पान (एकाच नावाच्या लेखांची यादी) करा. लेख प्रकाशित झाला की विकिडेटावर (वेगवेगळ्या भाषांतले लेख जोडणाऱ्या साइटवर) हॅम्पडेनच्या नोंदीत मराठी दुवा जोडलाय का ते बघा. हातानं केलेल्या लेखाला तो आपोआप जोडला जात नाही, आणि मग कुणीतरी तोच लेख थोड्या वेगळ्या स्पेलिंगनं पुन्हा तयार करतं.

रेल्वे_लाईन्स
इंग्रजी लेखात चूक सापडली तर तिथल्या चर्चा पानावर संदर्भासह लिहा, तिकडचे लोक मदत करतात. मॅसॅच्युसेट्सचं घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास आहे, म्हणजे सकाळी विचारलेल्याचं उत्तर रात्रीच्या आत अपेक्षू नका. १९९२ नंतरच्या अमेरिकी राजकारणाशी संबंधित पानांवर तिथं नियम कडक आहेत, आणि काही पानं ५०० संपादनं व ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय संपादताच येत नाहीत. तिथं नव्या मुलांना चर्चा पानावरच लिहायला सांगा. तारखा वाचताना महिना आधी असतो हे त्यांना शनिवारीच फळ्यावर लिहून दाखवा: ७/४ म्हणजे तिकडं ४ जुलै.