अंगणात विटा घालायच्यात, भट्टीवाला म्हणतो १६००, गवंडी म्हणतो १०००. खरं कोण?

परसदार_सातारा
मंडळी, गावाकडच्या घराच्या मागच्या अंगणात फरशी नको म्हणून लाल विटा घालायचं ठरलंय. जागा २० फूट बाय १५ फूट, म्हणजे ३०० स्क्वेअर फूट. वीट आपली नेहमीची ९ बाय ४ बाय ३. भट्टीवाल्याला विचारलं तर म्हणाला १६०० लागतील, आमचे गवंडी म्हणाले हजारात बसतंय, वर दहा-वीस घ्या बास. आता सहाशे विटांचा फरक म्हणजे गंमत आहे का! आबांचं म्हणणं भट्टीवाला माल खपवतोय. पावसाच्या आत काम उरकायचंय, नंतर भट्ट्या बंद, मग मिळतील त्या भावात घ्याव्या लागतात. कुणी हिशोब सांगेल का नीट?

कोपऱ्यावरचा
५०० विटा एका घनमीटरला, सोप्पं आहे, गुणाकार करा की.

ओळंबा
वरचा हिशोब भिंतीचा आहे हो, तोही १९ बाय ९ बाय ९ सेंटिमीटरच्या मॉड्युलर विटेचा, १० मिलिमीटरची दरज धरून. अंगणाला घनमीटर कुठून आणणार?

परसदार, तुमचे दोघंही बरोबर आहेत, फक्त वीट कशी ठेवायची हे कुणी कुणाला विचारलंच नाही. पोटावर झोपवली तर वर ९ बाय ४ दिसते, ३६ स्क्वेअर इंच, एका स्क्वेअर फुटात १४४ इंच म्हणून बरोबर ४ विटा, ३०० ला १२००. ही झाली एकमेकीला चिकटून कोरडी घातलेली. गवंड्याने अर्ध्या इंचाची सिमेंटची दरज धरली असणार, मग तीच वीट साडेनऊ बाय साडेचारची जागा खाते आणि फुटाला ३.३७ पडतात, १०१० झाल्या. भट्टीवाल्याने धरली कुशीवर, म्हणजे ९ बाय ३ वर, कोरडी. २७ इंच. फुटाला ५.३३, बघा बरोबर १६०० येतात. तो बिचारा खपवत नव्हता 😄

कुशीवरची जास्त टिकते, गाडी आत घेणार असाल तर तीच घाला. नुसतं चालायला-बसायला पोटावरची पुरते. विटेला खाच असेल तर खाच खाली करा नाहीतर पाणी साचून शेवाळ धरतं.

परसदार_सातारा
अरे वा, आबांना वाचून दाखवलं, गप्प बसलेत. गाडी वगैरे नाही आत, आईला वाळवण घालायला आणि संध्याकाळी खाटा टाकायला पाहिजे. म्हणजे पोटावर, कोरडी, खाली क्रश सँड. १२०० मागवू?

चुना_माती
थांबा, लगेच फोन करू नका. आधी दोन कामं करा. अंगणात झाड, तुळस, हौद काही आहे का? ते वजा करा. आणि भट्टीवर जाऊन खरी वीट मोजा, कारण माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, "नऊ इंची" म्हणून विकलेली वीट नऊ इंच क्वचितच भरते. एक वीट मोजून उपयोग नाही, दहा ओळीने लावा आणि टेपने एकदम मोजा, लांबीला एकदा आणि रुंदीला एकदा. आयएस १०७७ या विटांच्या भारतीय मानकातसुद्धा २० विटा ओळीत लावूनच माप घ्यायला सांगितलंय, एकेकीत कमीजास्त असणार हे तिथेही गृहीतच आहे. हातात घेऊन दोन विटा एकमेकींवर वाजवून पण बघा, खणकन वाजली पाहिजे. भिंतीत कच्ची वीट प्लास्टरखाली झाकून जाते, अंगणात दोन पावसाळ्यांत तिचा भुगा होतो.

परसदार_सातारा
आज जाऊन आलो. दहा विटांची लांबी ८६ इंच, रुंदीने ३९ भरल्या. आणि हो, आंब्याभोवती ५ फूट व्यासाचा गोल मोकळा सोडायचाय आणि तुळशीचा ३ बाय ३ चा कट्टा आहे, ते विसरलोच होतो.

ओळंबा
गोलाचे २० धरा, तुळशीचे ९, राहिले २७० च्या आसपास. वीट ८.६ बाय ३.९ म्हणजे साडेतेहतीस इंच, फुटाला ४.३, झाल्या ११६०. आता सगळे विसरतात ती कड. वाळूवरच्या विटा कडेने धरून ठेवल्या नाहीत तर वर्षभरात बाहेर सरकतात. घराची बाजू सोडून तीन बाजू ५० फूट, तिथे कुशीवर एक ओळ सिमेंटमध्ये, ७० विटा. १२३० झाल्या, तुटफूट पाच टक्के, १३०० मागवा. तिरपी डिझाइन करणार असाल तर दहा टक्के धरा, कडेला प्रत्येक वीट कापावी लागते. दोन इंच थराला वाळू ४५ घनफूट, अर्धा ब्रास सांगा (ब्रास म्हणजे १०० घनफूट). आणि ढाळ विसरू नका, १५ फुटाला ३ इंच, घरापासून बाहेरच्या बाजूला.

मधलीआळी
जास्तच मागवा हो. मी मोजून मापून आणल्या होत्या, शेवटी दीडशे कमी पडल्या, तोवर ती भट्टी बंद, दुसरीकडून आणल्या तर रंग काळपट आणि पाव इंच आखूड. सहा वर्षं झाली, पाहुणे अजून विचारतात तो कोपरा नंतर केला का.

परसदार_सातारा
१३०० सांगितल्या. ट्रॉली रविवारी येतीये. आबा म्हणतात उतरवताना मी स्वतः मोजणार, दोनशे-दोनशेच्या थप्प्या लावून.