बुडालेल्या बोटीत शिरताना हवेचा हिशोब

‘स्कूबा डायव्हिंग करताना १८ मीटर खोल बुडालेल्या छोट्या बोटीत हवेची अर्धी टाकी संपली की वळलं तर चालेल का?’ असं एकाने विचारलंय. आत शिरणार असाल तर अजिबात नाही. एक तृतीयांश संपली की वळायचं.

१२ लिटरची टाकी २०० बार (दाबाचं एकक) पर्यंत भरलेली, म्हणजे २४०० लिटर हवा. १८ मीटरवर दाब २.८ बार. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर तिथे २.८ पट, म्हणजे ५६ लागतात. तिसरा हिस्सा ८०० लिटर, जेमतेम १४ मिनिटं, आणि दारापर्यंत पोहोचताना वापरलेली हवाही त्यातच धरायची. जोडीतल्या कुणाचाही टाकीच्या दाबाचा काटा १३५ बारवर आला की दोघांनीही मागे फिरायचं.

एवढी काटकसर का, तर गाळामुळे. तो फक्त पायातल्या फिन्सनी (पोहण्याच्या वल्ह्यांनी) उडत नाही. आपले बुडबुडे छताला आपटले की गंजाचे पापुद्रे सुटून वरून पडतात. हात समोर धरला तरी दिसत नाही आणि बाहेर यायला दुप्पट वेळ जातो. तेव्हा आत शिरताना रीलवरून (हातातल्या चकरीवरून) सोडत नेलेली दोरीच वाट दाखवते. तिची पहिली गाठ दाराबाहेर, दुसरी आत शिरल्या शिरल्या. गंजलेल्या धारदार कडेला बांधू नका, कापली जाते. दोरी ताणलेली ठेवा, सैल सुटली की पायात अडकते.

बोटीबाहेर अडकलेली मासेमारीची जाळीही तितकीच घातक. नायलॉनचा बारीक धागा बहुतेक टाकीच्या व्हॉल्व्हला, पाठीमागे अडकतो. गर्रकन वळलात तर आणखी गुंडाळला जातो. थांबा, जरा मागे सरका, जोडीदाराला कापू द्या.