बीटी कपाशीत कोरडवाहूवाल्याला खरंच काही उरतं का?

कपाशीवाला_वणी:
आमची सगळी कपाशी कोरडवाहू. बाबा म्हणतात बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारा जीन घातलेलं बी, नवीन होतं तेव्हा फवारे कमी झाले, हातात पैसा खेळायला लागला. आता बीटी लावूनही बोंडअळीसाठी फवारावंच लागतं अन निंदणाला बाया मिळत नाहीत. गावात बरेच जण चोर बीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं पण मान्यता नसलेलं बी, लावायचं म्हणतायत, ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं की तण जळतं पऱ्हाटी राहते. लावावं का?

काळी_माती:
बाबांचं बरोबर आहे. 2002 ला बीटी आलं तेव्हा हिरव्या बोंडअळीनं लोक मेटाकुटीला आले होते, तिच्यावर ते चाललं, त्यामुळे सरसकट फेल म्हणू नका. गुलाबी अळीनं मात्र 2006 चं बीजी-2, म्हणजे दोन जीनवालं बीटी, पण पचवलं. 2017 ला बोंडं फोडली की आत अळी, आणि त्याच हंगामात यवतमाळात फवारताना विषबाधेनं 20 च्या वर माणसं गेली. एकरी खर्चाच्या कागदात हे कुठे लिहायचं सांगा.

सरळवाण:
माझ्या मते घोळ जीनपेक्षा हायब्रीडचा जास्त आहे. आपल्याकडे बीटी जवळपास सगळं हायब्रीडमधे आलं, म्हणजे घरचं बी चालत नाही, दरवर्षी पाकीट घ्या, अन पाकीट महाग म्हणून लांब लांब टोबायचं, एकरी झाडं कमी, मग पीक लांबतं, वर फरदड ठेवतात, म्हणजे वेचणी झाल्यावरही तीच पऱ्हाटी रानात ठेवतात, तिथेच गुलाबी अळी पोसते. अमेरिकेत बीटी सरळ वाणात आहे, म्हणजे हायब्रीड नसलेल्या, घरचं बी चालतं अशा वाणात, दाट पेरतात, लवकर काढून रान मोकळं करतात, या अळीचे पतंग नापीक करून सोडले ते वेगळंच, 2018 ला त्यांनी ही अळी संपल्याचं जाहीर केलं. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेनं बीटीचे सरळ वाण काढलेत पण कृषी केंद्रात मागून बघा, मिळणं मुश्कील. खरी बोंब इथे मारायला पाहिजे.

रानवाट:
चोर बीटीला पावती नसते, उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करणार? 2019 ला अकोटकडे शेतकरी संघटनेनं उघड लावून मान्यता मागितली, ती मागणी मला पटते, कारण बंदीमुळे बोगस बियाणं विकणाऱ्याचंच फावतं. पण निंदणाचा पैसा थेट बायांच्या हातात पडतो, ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांचा पावसाळा त्यावर निघतो. तणनाशकानं तुमची मजुरी वाचेल, त्यांनी काय करायचं हे कोणी बोलतच नाही.

कपाशीवाला_वणी:
हे डोक्यात आलंच नव्हतं, आमच्याकडे येणाऱ्या दोघी तशाच आहेत. सरळ वाणाचं बी कुठे मिळालं असेल तर कळवा, एक एकर तरी दाट लावून बघतो.