लेसरने दाढ भरून घेतलीये का कुणी? मुलासाठी विचारतेय

अनुजा_नाशिक
नमस्कार मंडळी, मुलगा सात वर्षांचा आहे, खालची उजवीकडची शेवटची दाढ किडलीये. मी दुधाचीच दाढ समजून पडेल आपोआप म्हणून दुर्लक्ष केलं होतं, पण डॉक्टर म्हणाले ही सहाव्या वर्षी येते ती पक्की दाढ आहे, आयुष्यभर राहणारी, हिच्या जागी दुसरी येणार नाही. ते ऐकून पोटात गोळाच आला. आता खरी अडचण अशी की हा पाच वर्षांचा असताना एका ठिकाणी त्याला दोघांनी धरून खुर्चीत दाबून ठेवलं आणि मशीन चालवलं, मी दाराबाहेर उभी होते, आत यायला नाही म्हणाले. तेव्हापासून मिक्सर लावला तरी कानावर हात ठेवतो. ते दोन वर्षं माझ्या मनातून गेलेलं नाही आणि परत तसं मी होऊ देणार नाहीये.

आता एक डॉक्टर म्हणतात साध्या मशीनने कीड काढून सिमेंट भरू, बाराशे रुपये. दुसरीकडे बोर्ड आहे वेदनारहित लेसर फिलिंग, तिथे साडेचार हजार सांगितले. पैशाचं बघू काहीतरी, पण लेसरने खरंच ड्रिल न लावता दात भरता येतो का? डोळ्यांना, दाताच्या नसेला काही धोका? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

रेवाचीआई
अनुजाताई, माझ्या लेकीची दाढ पुण्यात लेसरने भरली, ती तेव्हा नऊ वर्षांची होती. ड्रिलचा तो कर्कश सूं आवाज अजिबात नाही, पण अगदी शांतही नसतं हं, टकटक टकटक असा आवाज येत राहतो, लाह्या फुटल्यासारखा, आणि पाण्याचा फवारा सतत चालू. इंजेक्शन दिलं नाही. आधीच सांगितलं होतं की दुखलं तर डावा हात वर कर, तिने एकदाच केला, तेव्हा डॉक्टर थांबले. सगळ्यांना चष्मे घातले, मला पण. वेळ मात्र बराच लागला, साधं फिलिंग पंधरा मिनिटांत होतं तिथे आम्हाला पाऊण तास, आणि शेवटची खोलातली मऊ कीड त्यांनी हातातल्या छोट्या चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढली. तीन वर्षं झाली, फिलिंग व्यवस्थित आहे. मुलाला आधी तो आवाज मोबाइलवर ऐकवा असं मी सुचवेन, अचानक टकटक सुरू झालं तर दचकेल.

सांगलीकर७९
माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितो. मी पुढच्या दाताच्या मुळाशी झिजलं होतं तिथे लेसरने करून घेतलं, दुखलं नाही हे शंभर टक्के खरं, पण आठ महिन्यांत ते फिलिंग भाकरी खाताना निघून हातात आलं. परत गेलो तर म्हणाले तुम्ही ब्रश जोरात करता. असेल बाबा, पण मग पैसे घेताना का नाही सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी साध्या पद्धतीने भरून दिलं, ते टिकलंय. इथे कुणी डॉक्टर असतील तर दोन प्रश्न, लेसरने केलेलं फिलिंग कमी टिकतं का? आणि माझ्या वरच्या दाढेत वीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी आहे ती लेसरने काढता येते का?

दंतवैद्य_अमरावती
दात भरणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, सगळ्यात आधी त्या क्लिनिकला फोन करून एकच प्रश्न विचारा, तुमच्याकडे लेसर कोणता आहे? लेसर म्हणजे एक यंत्र नाही. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत असतो तो डायोड लेसर, छोटा, तुलनेने स्वस्त, ८०० ते ९८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास चालणारा. हिरडीसाठी तो फार छान, रक्त कमी येतं, पण त्याने दात कापला जात नाही. दात कापायला एर्बियम नावाचा लेसर लागतो, एर्बियम याग २९४० नॅनोमीटरचा किंवा त्याचा भाऊ २७८० चा, आणि अलीकडे ९३०० नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइडवाला पण आलाय. ही यंत्रं डायोडच्या कितीतरी पट महाग, म्हणून मोजक्याच ठिकाणी. रेवाच्या आईंनी लाह्यांसारखा आवाज लिहिलाय ना, ते वर्णन एर्बियमचंच.

तो आवाज का येतो तर दातात पाणी असतं, वरच्या इनॅमलमध्ये वजनाच्या जेमतेम तीन-चार टक्के, आतल्या डेंटिनमध्ये दहाच्या आसपास, आणि किडलेल्या भागात त्याहून जास्त. हे पाणी एर्बियमचा किरण झटकन शोषून घेतं, त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ दाताचे बारीक कण उडवते. किडक्या भागात पाणी जास्त म्हणून तो आधी उडतो, चांगला दात त्यामानाने वाचतो. दाताला टेकून काही फिरत नाही, म्हणून ड्रिलची ती थरथर नाही, आणि बऱ्याच जणांना इंजेक्शन लागत नाही. बऱ्याच म्हणतोय, सगळ्यांना नाही! कीड खोल असेल तर लागू शकतं, त्यामुळे बोर्डवर वेदनारहित लिहिणं मला पटत नाही.

नसेचं म्हणाल तर भीती रास्त आहे. १९६० मध्ये पहिला रुबी लेसर आला आणि चार-पाच वर्षांतच तो दातांवर वापरून बघितला गेला, पण उष्णता इतकी की आतली नस भाजायची, म्हणून तो मागे पडला. १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर झालेल्या प्रयोगात नसेचं तापमान साडेपाच अंशांनी वाढलं तर सुमारे पंधरा टक्के दातांत नस सावरत नाही असं दिसलं, तोच आकडा आम्ही आजही शिकतो. एर्बियमची उष्णता वरच्या थरातच संपते आणि सोबत पाण्याचा फवारा असतो म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला दात कापायची परवानगी मिळाली. फवारा नीट नसेल तर मात्र एर्बियमनेही दात तापतो. चष्मा त्या त्या लेसरचाच हवा, कुठलाही काळा गॉगल चालत नाही, आणि मुलाने मध्येच काढता कामा नये.

सांगलीकर, तुम्हाला आधी सांगितलं नाही हे त्यांचं चुकलंच. ड्रिलने कापल्यावर दातावर भुग्याचा पातळ थर बसतो, लेसरने तो राहत नाही, म्हणून काही जणांना वाटतं आता फिलिंग चिकटावं म्हणून आधी लावतात ते ॲसिड लावायची गरज नाही. पण उष्णतेने डेंटिनच्या वरच्या थरातले तंतू बिघडतात आणि चिकटणं कमी होऊ शकतं, त्यामुळे ॲसिड, बॉन्डिंग म्हणजे चिकटवणारा थर, कोरडं ठेवणं हे सगळं नेहमीसारखंच करावं लागतं. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते न बघता सांगता येणार नाही, मुळाशी झिजलेली जागा तशीही अवघडच, चावताना दात तिथेच वाकतो. चांदी मात्र लेसरने काढायची नाही, अजिबात नाही, तो पारा मिसळलेला धातू आहे, किरण परततो आणि तापली तर पाऱ्याची वाफ होते. ती ड्रिलनेच, भरपूर पाणी आणि सक्शन लावून. आणि वीस वर्षं नीट बसली असेल तर कशाला काढताय?

कॉक्रेन म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था, तिचा २०१६ चा आढावा आहे, नऊ चाचण्या, ६६२ रुग्ण, लहान-मोठे मिळून. कीड काढण्यात लेसर आणि ड्रिल यांत स्पष्ट फरक दिसला नाही, दुखणं आणि इंजेक्शनची गरज मात्र लेसरमध्ये कमी दिसली, पुरावे तितके भक्कम नाहीत हेही त्यांनीच म्हटलंय. माझं मत असं की घाबरलेल्या मुलासाठी, कीड मध्यम असेल आणि एर्बियम हाताळणारा माणूस सरावाचा असेल तर साडेचार हजार वाया जात नाहीत.

अनुजा_नाशिक
डॉक्टर, किती आभार मानू! केला फोन. रिसेप्शनवरच्या मुलीला माहीत नव्हतं, संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनीच फोन केला आणि सरळ सांगितलं की डायोड आहे, कीड ड्रिलनेच काढणार आणि लेसर नंतर आतले जंतू मारायला वापरणार. म्हणजे माझ्या मुलासाठी ते मशीन आलंच की परत. आता करू काय, नाशिकमध्ये एर्बियम कुठे शोधू?

मी_परळकर
ताई, मुंबईला येणं जमत असेल तर नायर डेंटलला किंवा सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातल्या सरकारी डेंटल कॉलेजला लहान मुलांचा वेगळा विभाग आहे तिथे दाखवा. माझ्या भाच्याला नेलं होतं, रांग लागते, सकाळी लवकर जा, पण तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनी त्याच्यासोबत इतका वेळ घालवला की आम्हीच चकित झालो. लेसर वगैरे काही नव्हता.

दंतवैद्य_अमरावती
परळकर बरोबर बोलतायत. लेसरच शोधत बसू नका, त्यात महिने गेले तर कीड नसेपर्यंत जाईल आणि मग रूट कॅनल. मशीन न लावता करायचे आणखी मार्ग आहेत. ऐंशीच्या दशकात टांझानियात जिथे वीज नाही अशा गावांसाठी एक पद्धत सुरू झाली, नुसत्या हाताच्या हत्यारांनी मऊ कीड काढायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं, ती आज मुलांसाठी जगभर वापरतात. पपईतल्या पपेनची जेल पण मिळते, ती लावली की कीड मऊ होते आणि खरवडून निघते. वेळ लागतो, पण आवाज शून्य. लहान मुलांचे दंततज्ज्ञ, ज्यांना पीडो म्हणतात, ते नाशिकमध्येही मिळतील, त्यांना विचारा कीड कितपत खोल आहे आणि हाताने निघेल का. आणि एक अट घाला, पहिल्या दिवशी काहीच करायचं नाही. नुसतं खुर्चीत बसणं, खुर्ची वर खाली करणं, फवारा हातावर घेऊन बघणं. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. तुम्हाला आत थांबू देत नसतील तर तिथून उठून या.

अनुजा_नाशिक
पीडो मिळाले, कॉलेज रोडला, मंगळवारची वेळ दिलीये. मी आधीच सांगितलं की पहिल्या दिवशी फक्त बघायला येतोय आणि मी शेजारीच बसणार, ते लगेच हो म्हणाले. एक्सरे काढून मग ठरवू म्हणाले, हाताने होईल असं त्यांना वाटतंय. मुलाला आत्ता सांगितलं, आधी उशीत तोंड खुपसून बसला आणि मग दहा मिनिटांनी येऊन विचारतो, तो छोटा आरसा मला हातात धरायला देतील का? डॉक्टर, देतात का हो?

दंतवैद्य_अमरावती
देतात ताई. मंगळवारी जायच्या आधी फोन करून सांगून ठेवा, म्हणजे तो आत गेल्या गेल्या त्याच्या हातात देतील.