मदत हवी आहे: तीन केंद्रांचा डिफ्यूजन एमआरआय डेटा एकत्र केल्यावर गटांमधला फरक नाहीसा होतो

तंतुजाळे: तीन केंद्रांवरील डिफ्यूजन एमआरआयचा (मेंदूतील पाण्याच्या हालचालीवरून तंतूंची रचना दाखवणारे चित्रण) डेटा एकत्र करून रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्या एफए मूल्यांची (पाणी एकाच दिशेने सरकण्याचा कल किती, याचे माप) तुलना करीत आहे. कॉम्बॅट (केंद्राकेंद्रांतील यंत्रांचा फरक काढून टाकणारी सांख्यिकी पद्धत) वापरण्यापूर्वी दोन गटांतील फरक ठळक दिसत होता, वापरल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला. हे कसे टाळावे ते कृपया लवकर सांगावे, अहवाल द्यायचा आहे.

श्वेतद्रव्य: स्कॅनर कोणते, बी-मूल्ये (चित्रणात डिफ्यूजनचा प्रभाव किती ठेवला, ते) किती, कोणत्या केंद्रात रुग्ण किती व निरोगी किती, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. निदान हे सहचल (ज्याचा परिणाम कॉम्बॅटने राखून ठेवावा असा घटक) म्हणून दिले होते का?

गोलीय: कॉम्बॅट मुळात जनुकीय प्रयोगांसाठी 2007 मध्ये मांडले गेले आणि येथे ते तयार एफएवरच काम करते. त्याऐवजी रिश पद्धत वापरावी. तीत मूळ संकेताचीच केंद्रागणिक जुळणी होते, त्यामुळे पुढे एफए, एमडी (पाण्याच्या हालचालीची सरासरी) किंवा तंतुमार्ग, जे हवे ते काढता येते.

श्वेतद्रव्य: रिशसाठी बी-मूल्ये सारखी असावी लागतात, तेही सांगायला हवे होते.

पूर्वप्रक्रिया: गोंगाट सर्वांत आधी काढावा, गिब्ज वलये (कडांजवळ उमटणाऱ्या खोट्या रेषा) त्यानंतर, आणि हालचाल व एडी प्रवाहांची (यंत्रात निर्माण होऊन चित्र वाकवणारे विद्युतप्रवाह) दुरुस्ती त्याहून पुढे. या दुरुस्तीतील अंतर्वेशनाने (शेजारच्या मूल्यांवरून मधली मूल्ये काढणे) गोंगाटाचे स्वरूप बदलते, म्हणून हा क्रम उलटवू नये.

तंतुजाळे: तो क्रम पाळला आहे आणि माझा प्रश्न तो नव्हता. दोन स्कॅनर 3 टेस्लाचे, एक 1.5 टेस्लाचा. बी-मूल्य सगळीकडे 1000. रुग्ण सगळे पहिल्या केंद्रातले, निरोगी उरलेल्या दोन केंद्रांतले. निदान सहचल म्हणून दिले की आज्ञावली बंद पडते, म्हणून ते वगळले.

श्वेतद्रव्य: ती बंद पडते हेच बरे. केंद्र कळले की निदानही कळते, अशी रचना असताना यंत्राचा परिणाम व आजाराचा परिणाम गणिताने वेगळे करता येत नाहीत. निदान वगळल्यावर कॉम्बॅटने दोन्ही एकत्र पुसले. आधीच्या त्या ठळक फरकातही यंत्राचा वाटा किती, हे सांगता येणार नाही.

गोलीय: रिशमध्ये जुळणी केवळ निरोगी व्यक्तींवरून ठरते, त्यामुळे ही अडचण येत नाही.

श्वेतद्रव्य: पहिल्या केंद्रात निरोगी व्यक्तीच नाहीत, मग ती ठरणार कशावरून?

तंतुजाळे: त्याच स्कॅनरवर आता निरोगी व्यक्तींचे चित्रण केले तर?

गोलीय: चालेल. वय व लिंग जुळणाऱ्या साधारण 16 ते 18 व्यक्ती प्रत्येक केंद्रात असाव्यात.

श्वेतद्रव्य: मात्र मधल्या काळात त्या यंत्राचे सॉफ्टवेअर किंवा कॉइल (संकेत टिपणारा भाग) बदललेली नाही, याची आधी खात्री करावी, बदलली असल्यास ते निराळे केंद्र धरावे लागेल.