स्वतःकडे लक्ष द्यायला लागलं की माणूस खरंच बदलतो का?

परळची_पोर (धागाकर्ती):
माझं मत, हो बदलतो, आणि सुरुवात शरीरापासून करावी, विचारबिचार नंतर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, निघाला. जिना चढताना धाप लागते, सारखी चिडचिड होते आणि घरचे म्हणतात हिचा स्वभावच तसा! माझं हिमोग्लोबिन आठच्या घरात होतं. महापालिकेच्या 'आपला दवाखाना'मध्ये फुकटात रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, गोळीच्या आसपास चहा बंद केला कारण चहामुळे लोह अंगी नीट लागत नाही, त्याऐवजी लिंबूपाणी. काही महिन्यांत मुलांवर ओरडणं कमी झालं आणि ऑफिसात "आज नाही होणार, उद्या देते" असं चक्क तोंडातून निघालं. अंगात त्राण नसेल तर माणूस सगळ्याला हो म्हणत राहतो, असं मला अगदी मनापासून वाटतं.

विरार_फास्ट:
ताई राग मानू नका पण वेळ कुठून आणायचा? पहाटे उठून पाणी भरा, डबे करा, गाडीत लटकत चर्चगेट गाठा, रात्री घरी पोचल्यावर परत ओटा आहेच. २०२४ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ८८. हा फरक आधी मिटवा. नाहीतर 'स्वतःची काळजी घे' हेही बाईच्याच यादीत आणखी एक काम, आणि नाही जमलं तर दोषही तिलाच.

दादरकर_काका:
माझं मत जरा वेगळं आहे. गिरणी संपानंतर आमच्या आईने दुसऱ्यांचे डबे करून आम्हाला शिकवलं, तिने स्वतःकडे कधी पाहिलं नाही, आणि आमच्या घरात जो काही बदल झाला तो तिच्यामुळेच. शिवाजी पार्कला रोज बघतो, मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत चालतात आणि शेजारी चालणाऱ्या बायकोशी एक शब्द बोलत नाहीत. दुसऱ्यासाठी झिजल्याशिवाय माणूस मोठा होत नाही.

परळची_पोर:
काका, आईंना मनापासून नमस्कार. पण त्यांचे गुडघे, त्यांचं बीपी कोणी बघितलं? त्या झिजल्या म्हणून तुम्ही शिकलात हे खरंय, पण त्यांना दुखत होतं तेव्हा कोणी डॉक्टरकडे नेलं असतं तर तुमचं शिक्षण थांबलं नसतं ना.

रात्रपाळी_सिस्टर:
वॉर्डात हेच रोज बघते. नवऱ्याची शुगरची गोळी मिनिटभर इकडेतिकडे होऊ देत नाहीत आणि स्वतःची बीपीची गोळी 'बरं वाटलं म्हणून' बंद केलेली असते, मग एक दिवस त्याच अ‍ॅडमिट. व्यायामाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, त्यात जिमच पाहिजे असं काही नाही, शेअर रिक्षा सोडून स्टेशनपर्यंत झपझप चाललात तरी ते धरलं जातं. झोपेचं मात्र मी काहीच सोपं सांगू शकत नाही, मोठ्या माणसाला सात तास लागतातच आणि विरारवाल्या बाईला ते कसे मिळणार हा प्रश्न खराच आहे. आणि मन खचलं असेल तर नुसतं रक्त वाढून भागत नाही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

विरार_फास्ट:
सिस्टर, नंबर सेव्ह केला. पण माझा मुद्दा तिथेच आहे.

परळची_पोर:
तुमचा मुद्दा मला मान्यच आहे हो, फक्त क्रम उलटा वाटतो. आमच्या घरी कुकर लावणं आणि भाजी निवडणं नवऱ्याकडे गेलं ते मी बरी झाल्यावर, कारण तेव्हा कुठे मी मागितलं आणि तो टाळायला लागला तरी मागत राहिले. आधी भांडायलाही दम नव्हता, 'जाऊदे मीच करते' म्हणून मोकळी व्हायचे.

विरार_फास्ट:
तुमचा पगार घरात येतो म्हणून मागणं ऐकलं गेलं. माझ्या जाऊबाई घरीच असतात, रक्त तपासायला जायचं तरी रिक्षाचे पैसे सासूबाईंकडे मागावे लागतात. त्यांनी कुठून सुरू करायचं ते सांगा.

रात्रपाळी_सिस्टर:
येत्या रविवारी तुम्हीच घेऊन जा त्यांना. स्वतःचंही रक्त तपासून घ्या.