घुघवातली दगडी झाडं : कुठलं झाड होतं हे कळतं कसं?

भटक्या_नागपूर:
मागच्या आठवड्यात कान्हा करून पुढे मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातलं घुघवा जीवाश्म उद्यान बघून आलो. ताडाचं खोड पडलेलं, आतले धागेन्‌धागे दिसतात आणि हात लावला तर थंडगार दगड! पाटीवर ६.५ कोटी वर्षं लिहिलंय. मुलीने विचारलं, बाबा हे ताडच कशावरून? मला काही सांगता येईना. आणि वय कार्बन डेटिंगने काढतात का?

गाळ_आणि_थर:
कार्बन डेटिंग नाही हो, ते फार तर ५० हजार वर्षांपर्यंत चालतं. आपला दख्खनचा लाव्हा एका दमात नाही वाहिला, मध्ये शांत काळ गेले, तळी साचली, झाडं वाढली, मग परत लाव्हा आला आणि ते सगळं गाळासकट दोन थरांमध्ये अडकलं. म्हणून वय काढायचं ते त्या लाव्हाचं, त्यात हळूहळू साचत गेलेला आर्गॉन वायू मोजून.
आता ओळख. पाण्यात विरघळलेली सिलिका (गारगोटीतलं खनिज) लाकडात मुरते, कुजायच्या आत पेशी न्‌ पेशी भरून टाकते, त्यामुळे रचना जशीच्या तशी राहते. हिऱ्याच्या करवतीने काप काढून तो ०.०३ मिमी होईपर्यंत घासतात, मग आरपार उजेड जातो आणि मायक्रोस्कोपखाली बघता येतं. ताडाला वर्षाची वर्तुळं नसतात, आडव्या कापात ठिपकेच ठिपके दिसतात, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या त्या धाग्यांची कापलेली टोकं. आणि ताड इतके असले तर तिथे कडाक्याची थंडी पडत नव्हती हे नक्की.

टाकळीकर:
छिंदवाड्याकडचं मोहगाव कलां पण बघा. तिथे नीपाची फळं सापडलीत, नीपा म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारा ताड, आज सुंदरबनात आहे. त्यावरूनच वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी मांडलं होतं की तेव्हा समुद्राचा फाटा तिथवर आत आला असावा. छिंदवाड्यात खाडी, मला तर अजून अंगावर काटा येतो! आपल्या नागपुरातही टाकळीच्या असल्याच थरातून मिशनरी हिस्लॉप साहेबांनी १८५० च्या सुमाराला जीवाश्म गोळा केले होते.

गाळ_आणि_थर:
बरोबर, आणि फळ-पान मिळणं फार मोलाचं. नुसतं खोड पुरात लांबून वाहत आलेलं असू शकतं, मुळं जागेवर असली किंवा नाजूक पानं सोबत असली की मगच म्हणायचं जंगल इथलंच. म्हणून तिथला तुकडा कोणी खिशात घालून आणू नका प्लीज, जागा गेली की निम्मी माहिती गेली.

भटक्या_नागपूर:
खूप खूप आभार. आत्ताच मुलीसोबत मोबाईलवर फोटो झूम करून बघितला, खोडाच्या तुटलेल्या टोकाला खरंच सगळीकडे ठिपके आहेत!